टर्नटेबल आणि कार्ट्रिज बसवण्यासाठी कोल्हापुरात बाहेरचा जाणकार बोलवावा का?

शिवाजीपेठकर (प्रश्न)

नमस्कार. मुंबईतील एका संग्राहकाकडून मी टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके२ हे टर्नटेबल घेतले असून त्यावर ऑर्टोफोन २एम ब्लू हे कार्ट्रिज (सुई आणि तिची कंपने विजेत बदलणारी कुपी) विकणाऱ्यानेच हेडशेलमध्ये, म्हणजे ते धरणाऱ्या टोकाच्या भागात, बसवून दिले होते. यंत्र पार्सलने यायचे असल्यामुळे काउंटरवेट (मागचे तोलाचे वजन), हेडशेल व प्लॅटर (फिरती थाळी) सुटे करून पाठवले गेले आणि इथे आल्यावर पुस्तिकेप्रमाणे मी ते जोडले. माझ्याकडच्या बहुतेक रेकॉर्डी वडिलांच्या आहेत. साठ-सत्तरच्या दशकांतील शास्त्रीय गायनाच्या या एलपींमध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे अधिक आहे, कारण देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेच्या मैफली चुकवायच्या नाहीत असा वडिलांचा शिरस्ता होता.

माझ्या तक्रारी दोन आहेत. रेकॉर्डची बाजू संपत आली की नेमक्या द्रुत बंदिशीच्या तानांमध्ये आवाज फाटतो आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे चरचरू लागतात. शिवाय डावा स्पीकर उजव्यापेक्षा किंचित मंद वाटतो. लक्ष्मीपुरीतील ज्या कारागिराकडे मी अँप्लिफायर दुरुस्तीला देतो तो आपल्या कामात चोख आहे, पण कार्ट्रिजला हात लावणार नाही असे त्याने स्वच्छ सांगितले. पुण्याचे एक जाणकार घरी येऊन सर्व जुळवून देण्यास तयार आहेत. मात्र त्यांचे शुल्क, प्रवास आणि मुक्काम धरला तर रक्कम कार्ट्रिजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जाते. हा खर्च करावा का, आणि करायचा झाल्यास त्यांना आधी काय विचारून घ्यावे, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

द्रुतलय

जाणकाराला बोलावण्याआधी काही गोष्टी आपण स्वतः तपासाव्यात असे मला वाटते, कारण त्यांना पैसे पडत नाहीत आणि त्यांच्या उत्तरावरच जाणकाराची गरज कितपत आहे हे ठरणार आहे.

डाव्या बाजूचा मंदपणा आधी घेऊ. अँप्लिफायर बंद करून टर्नटेबलकडून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा व पुन्हा ऐका. मंदपणा आता उजवीकडे गेला तर दोष टर्नटेबलच्या बाजूला आहे; डावीकडेच राहिला तर तो अँप्लिफायर किंवा स्पीकरचा, आणि मग ते काम आपल्या लक्ष्मीपुरीच्या कारागिराचे. टर्नटेबलच्या बाजूला निघाल्यास पहिला संशय हेडशेलच्या मागील चार बारीक टोकांवर घ्यावा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांच्यावर मळकट थर बसतो. तो पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून हेडशेल पुन्हा घट्ट बसवले की पुष्कळदा काम भागते. कार्ट्रिजच्या मागच्या चार तारांचे रंगही पाहून घ्यावेत: पांढरी डाव्या चॅनेलची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन आणि हिरवी उजव्याची ऋण. एकाच चॅनेलच्या दोन तारा उलट लागल्या असतील तर गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मध्ये न राहता खोलीभर पसरतो आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक नाहीशी होते. आपली लक्षणे तशी दिसत नाहीत, तरी खात्री करण्यास मिनिटभर पुरे.

आता आवाज फाटण्याविषयी. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, परंतु बाहेरच्या खाचेचे केंद्रापासूनचे अंतर सुमारे १४६ मिलिमीटर आणि सर्वांत आतल्या खाचेचे सुमारे ६० मिलिमीटर असते. त्यामुळे बाजू सुरू होताना सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटी केवळ २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच काळाचा आवाज निम्म्याहूनही कमी लांबीत कोंबलेला असतो आणि तिथे सुईच्या कोनातील किंचित चूकही ऐकू येते. पाश्चात्त्य गाण्यांच्या रेकॉर्डीत शेवटच्या जागी एखादे संथ गाणे टाकून हे झाकता येते. आपल्या ख्यालाच्या रेकॉर्डीत विलंबित बाहेर आणि द्रुत आत ही व्यवस्था रागविस्तारानेच ठरवून दिलेली आहे. सर्वांत अवघड तानांच्या वाट्याला सर्वांत अडचणीची जागा यावी, हे आपले दुर्दैवच म्हणायचे.

मात्र आवाज फाटण्याचे कारण खाचेची झीज हेही असू शकते, आणि ते असल्यास कोणताही जाणकार काही करू शकणार नाही. जुन्या घरगुती रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असे, ते खाचेवर कित्येक ग्रॅमचा दाब देत असे आणि त्याची सुई वर्षानुवर्षे बदलली जात नसे. वडिलांच्या ज्या रेकॉर्डी त्यांना सर्वाधिक प्रिय, त्याच सर्वाधिक झिजलेल्या असण्याचा संभव आहे. म्हणून फारशी वाजवली न गेलेली, शक्य तर अलीकडे छापलेली एखादी गायनाची रेकॉर्ड मित्राकडून आणून तिचा शेवट ऐकावा. ती स्वच्छ वाजली तर दोष वडिलांच्या रेकॉर्डींच्या खाचांत आहे असे समजून पुण्याचा फेरा रद्द करावा. तीही फाटत असेल तर दोष सुईत किंवा जुळवणीत आहे, आणि मग जाणकाराच्या खर्चाचा विचार करणे योग्य ठरेल.

गुजरीतला काटा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात फक्त वजनाची भर घालतो. २एम ब्लूसाठी कंपनीने सुचवलेला दाब १.८ ग्रॅम असून १.६ ते २.० ही त्याची मर्यादा आहे. काउंटरवेटच्या चकतीवर १.८ हा आकडा दिसतो म्हणून सुईवर १.८ ग्रॅम पडतातच असे नाही. आधी टोनआर्म (सुई धरणारा दांडा) हवेत अगदी आडवा तरंगेल असा तोलून घ्यायचा, मग काउंटरवेट जराही न हलवता फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि त्यानंतर दोन्ही एकत्र फिरवून १.८ वर न्यायची, असा हा क्रम आहे. माझ्या एका परिचिताचे यंत्र एका दुकानातून ‘जुळवून’ आले होते आणि तिथे तोलण्याची पहिली पायरीच गाळलेली होती. आकडा बरोबर होता, पण प्रत्यक्ष दाब जवळजवळ ३ ग्रॅम भरला.

आपण शिवाजी पेठेत राहता, म्हणजे गुजरीची सराफपेठ हाकेच्या अंतरावर आहे. ओळखीच्या सराफाकडचा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा थोडा वेळ मागून आणता आला तर उत्तम, अन्यथा सुईचा दाब मोजण्याचा छोटा डिजिटल काटा काहीशे रुपयांत मिळतो. सराफी काट्याबाबत मात्र दोन पथ्ये पाळावीत. त्याचे पारडे लोखंडी अंशाचे असेल तर कार्ट्रिजमधील चुंबक त्याकडे ओढला जातो आणि वजन खोटे भरते. तेव्हा पारड्यावर अॅल्युमिनियमची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी बाहेर काढून ठेवावी, काटा शून्य करावा आणि सुई पट्टीच्या टोकावर, पारड्यापासून दूर टेकवावी. दुसरे असे की वजन शक्यतो रेकॉर्डच्याच उंचीवर मोजावे. ते उंच काट्यावर मोजले तर थोडा फरक पडतो. टोनआर्म सोडताना नेहमी लीव्हरने सोडावा, आणि अँटिस्केटिंगची (टोनआर्मची आत ओढले जाण्याची ओढ तोलणारी) चकती दाबाच्याच आकड्यावर ठेवावी.

दाब कमी ठेवला म्हणजे रेकॉर्ड जपली जाते, हा आपल्याकडच्या जुन्या शौकिनांचा लाडका समज आहे. हलकी सुई जोरकस तानेत खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि नुकसान अधिक करते.

सुई आणि भिंग (पुणे)

मी पुण्यात हेच काम करतो, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजण्याची मुभा आपणास आहे. आपल्याला शुल्क सांगितलेले गृहस्थ मी नव्हे.

एमएम (हलत्या चुंबकाच्या) जातीचे कार्ट्रिज, सुटे होणारे हेडशेल आणि उंची कमी-जास्त करता येणारा टोनआर्म इतकी सोय असताना केवळ हातकामासाठी दोनशे तीस किलोमीटरवरून माणूस आणण्याचे कारण नाही. महागडे एमसी (हलत्या वेटोळ्याचे) कार्ट्रिज असते, की जिथे सुई मोडली तर संपूर्ण कार्ट्रिजच बदलावे लागते, तर मी वेगळा सल्ला दिला असता. आपल्या २एम ब्लूची सुई ओढून काढता येते, नवी बसवता येते आणि २एम रेड व ब्लू या दोन कार्ट्रिजांची सुईखेरीजची मूळ कुपी एकच असल्यामुळे दोन्हींच्या सुया परस्परांना चालतात. पैसे द्यायचे ते निदानासाठी द्यावेत.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न असा विचारावा की आपण सूक्ष्मदर्शक आणणार का. २एम ब्लूच्या सुईचे टोक लंबवर्तुळाकार असून त्याच्या त्रिज्या ८ व १८ मायक्रॉन आहेत. ती झिजली आहे का, वाकडी बसली आहे का, कँटिलिव्हर (टोक धरणारी बारीक दांडी) सरळ आहे का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. सुई जपून वापरली तर फार तर हजार तासांपर्यंत चांगली चालते, आणि विकत घेतलेल्या जुन्या यंत्राची सुई किती वाजली हे विकणाराही शपथेवर सांगू शकत नाही. सुई न पाहता जुळवणीला हात घालणारा माणूस मला तरी जाणकार वाटत नाही.

दुसरा प्रश्न जुळवणीच्या पद्धतीचा आहे, आणि इथे दोन चांगले जाणकार प्रामाणिकपणे वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात. टोनआर्म कंसात फिरत असल्यामुळे सुई खाचेला अचूक स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी असते आणि बाकी सर्वत्र थोडा कोन चुकतो. ती दोन ठिकाणे कुठे ठेवायची याची गणिते १९३८ मध्ये लोफग्रेन यांनी आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी मांडली. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बेअरवाल्ड पद्धतीत ती केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. स्टीव्हन्सन यांच्या पद्धतीत आतले ठिकाण सुमारे ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे जवळपास रेकॉर्डच्या शेवटच्या खाचेवर येते; त्याची किंमत म्हणून मधल्या भागात चूक थोडी वाढते. टेक्निक्सच्या स्वतःच्या पट्टीने, म्हणजे हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ठेवून, जुळवले तरी आतले ठिकाण बेअरवाल्डपेक्षा लेबलच्या अधिक जवळ जाते.

आपण मुख्यतः ख्याल ऐकता आणि आपली तक्रार द्रुताची आहे, हे जाणकाराला आधीच सांगावे. मी असतो तर आपल्या यंत्रावर बेअरवाल्डचा आग्रह धरला नसता. विलंबितात मधल्या खाचांवर होणारी बारीकशी चूक कानाला जवळजवळ जाणवत नाही. शेवटच्या तीन मिनिटांतील तान फाटली तर सगळी बाजू वाया गेल्यासारखी वाटते.

टोनआर्मच्या उंचीचा मात्र बाऊ करू नये. टेक्निक्सच्या टोनआर्मची परिणामी लांबी २३० मिलिमीटर आहे, म्हणजे मागची बाजू १ मिलिमीटर वर-खाली केल्यास सुईचा कोन जेमतेम पाव अंशाने बदलतो. रेकॉर्ड वाजत असताना टोनआर्म रेकॉर्डला समांतर दिसला की पुरे. प्रत्येक रेकॉर्डच्या जाडीप्रमाणे उंची बदलावी असे सांगणारा जाणकार आपल्या वेळेचे पैसे लावतो आहे असे खुशाल समजावे.

शुल्क ठरवताना आणखी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. काम चालू असताना कँटिलिव्हर मोडला तर नव्या सुईचा खर्च कोणी द्यायचा, हे कामाला हात लावण्याआधीच स्पष्ट व्हावे; अशा मोडतोडीला कंपनीची हमी लागू होत नाही. आणि काम सुरू करण्याआधीचे व संपल्यानंतरचे आकडे, म्हणजे दाब, ओव्हरहँग (सुई प्लॅटरच्या मधल्या खुंटीपुढे किती जाते ते अंतर), टोनआर्मची उंची आणि वापरलेली पद्धत, कागदावर लिहून मागावेत. पुढे सुई बदलताना त्या कागदावरून आपण स्वतः ते काम करू शकाल.

मिरजेचा तंबोरा

पुण्याच्या मित्रांचे तांत्रिक विवेचन मान्य करूनही मी थोडी वेगळी बाजू मांडतो. पन्नाशी-साठीच्या पुढच्या माणसाचा हात थरथरतो, नजर मंदावलेली असते आणि सुईच्या टोकाशी प्रोट्रॅक्टरवरची (जुळवणीच्या मापपट्टीवरची) रेघ जुळवणे हे काम त्याच्यासाठी सुईत दोरा ओवण्याइतके अवघड होऊन बसते. अशा माणसाने पैसे देऊन काम करून घेतले तर त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त समोर बसून पाहावे, आणि न लाजता विचारावे.

खर्चाचे म्हणाल तर सांगली, मिरज, इचलकरंजी आणि कोल्हापूर मिळून टर्नटेबल बाळगणारे पुष्कळ शौकीन आहेत. जाणकार एकदा इकडे आलाच तर त्याच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च चार घरांत वाटून घेता येईल. माझ्याकडेही काम आहे, तेव्हा एक घर माझे धरावे.

शेवटची तपासणी मात्र चाचणीच्या रेकॉर्डवर सोडू नये. एखाद्या ओळखीच्या रेकॉर्डमधील गायन सुरू होण्यापूर्वीचा तंबोरा ऐकावा. वेगात हेलकावा असेल तर षड्ज तरंगतो, आणि आमच्या गावात तंबोरे घडतात म्हणून सांगतो असे नव्हे, पण तो तरंग पियानोखालोखाल तंबोऱ्याइतका चटकन दुसऱ्या कुठल्या वाद्यात उघडा पडत नाही. आपल्या यंत्राचा मोटार थेट प्लॅटरला जोडलेला आणि त्याचा वेग क्वार्ट्झ स्फटिकाने बांधलेला असल्यामुळे ही शक्यता कमी आहे. वेगाची सरकपट्टी बरोबर मध्यावर आहे आणि तिथला हिरवा दिवा लागला आहे एवढे पाहावे. ती पट्टी १ टक्का जरी सरकली तरी स्वर अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याएवढा चढतो किंवा उतरतो, आणि मग घरातले कोणी पेटी घेऊन साथीला बसले तर जुळत नाही.

शिवाजीपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. आपण सुचवल्याप्रमाणे पिनांची अदलाबदल केली असता मंदपणा उजवीकडे गेला, आणि हेडशेलची टोके पुसून पुन्हा बसवल्यावर दोन्ही बाजू समान झाल्या. सराफ मित्राचा काटा घरी आणून दाब मोजला, तो २.१ ग्रॅम भरला, म्हणून १.८ वर आणला. एका स्नेह्याकडून नवी छापलेली गायनाची रेकॉर्ड आणून ऐकली तर तिच्या शेवटीही आवाज फाटतो, पण वडिलांच्या रेकॉर्डींच्या मानाने पुष्कळ कमी. याचा अर्थ जुळवणी किंवा सुई यांत काही दोष आहे आणि शिवाय काही खाचाही झिजलेल्या आहेत, असा मी घेतो. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर पुण्याच्या जाणकारांना बोलवावे असे ठरवत आहे आणि मिरजकरांचे घर जमेस धरले आहे.

आणखी एक अडचण विचारायची राहिली. यंत्र माडीवर लाकडी तक्तपोशीच्या जमिनीवरील कपाटात आहे आणि नातवंडे धावली की सुई उडी मारते. जाणकार आल्यावर त्याचे काही करू शकतील का?

सुई आणि भिंग (पुणे)

ते त्यांच्या येण्याआधीच आपण करावे. आपला टोनआर्म आणि हे कार्ट्रिज मिळून त्यांची नैसर्गिक कंपनसंख्या सुमारे ८ हर्ट्झ येते. हा आकडा अगदी योग्य आहे, पण लाकडी जमीन पावलांनी हलते तेव्हा तिची हालचालही याच्याच आसपास किंवा याच्या खाली असते, म्हणून सुई त्या हालचालीला बळी पडते. जड फरशी किंवा रबरी पाय यांवर पैसे घालवू नयेत. जमीनच हलत असेल तर त्यावरची कडप्प्याची लादीही सोबत हलणार. घराच्या मूळ दगडी किंवा विटांच्या भिंतीत लोखंडी कंसाची मजबूत फळी बसवून यंत्र तिच्यावर ठेवावे. उद्यमनगरात असा कंस मापाप्रमाणे करून देणारे कोणीही मिळेल. आतली पातळ आडभिंत मात्र यासाठी वापरू नये.

फळी आधी, जाणकार नंतर, असा क्रम ठेवण्याचे कारण असे की प्लॅटरची पातळी यंत्राच्या अंतिम जागी पाहावी लागते. प्लॅटर एका बाजूला कलता असेल तर टोनआर्म तिकडे ओढला जातो आणि अँटिस्केटिंगचा हिशेब चुकतो. कपाटावर सर्व जुळवून घेऊन नंतर यंत्र भिंतीवर हलवले तर त्या कामातला काही भाग पुन्हा करावा लागेल.

शिवाजीपेठकर

सुताराला उद्याच बोलावतो. शेवटचा प्रश्न: वडिलांच्या पेटीत केसरबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या काही लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही आहेत. जाणकार येतच आहेत तर याच यंत्रावर त्या वाजवण्याची सोय त्यांच्याकडून करून घ्यावी का?

द्रुतलय

नाही. एमके२ ला ३३⅓ आणि ४५ हे दोनच वेग आहेत, त्यामुळे त्यावर त्या तबकड्या योग्य स्वरात वाजणारच नाहीत. वेगाची सोय असती तरी ब्लूची सुई चालली नसती, कारण लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी खरडत जाते आणि खरखरीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही. ७८ चा वेग असणारे वेगळे यंत्र, टेक्निक्सचेच हवे असल्यास २०१९ चे एमके७, आणि त्यासाठी वेगळ्या हेडशेलमध्ये जाड सुईचे कार्ट्रिज, असा स्वतंत्र खर्च त्याला लागेल. तोवर त्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि बुरशी आली असल्यास ऊर्ध्वपातित पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. एलपी साफ करण्याच्या द्रावणात बहुधा अल्कोहोल असते आणि लाख त्यात विरघळते, तेव्हा ती बाटली या तबकड्यांच्या जवळही नेऊ नये.